गाडी हलकी झाली तेव्हा

जुन्या स्कूटरी घासूनपुसून, नवा रंग देऊन त्यांच्या शर्यती भरवणारी हौशी मंडळी आता गावोगावी झाली आहेत म्हणे. नात मला त्यांचे फोटो दाखवते आणि विचारते, "आबा, तुम्ही पण पळवली होती ना?" पळवली होती. जिंकलीही होती. घरात सगळ्यांना एवढंच माहीत आहे, आणि एवढंच माहीत राहावं याची काळजी मी जन्मभर घेतली. आता वय झालं. खोटं सांभाळायलासुद्धा अंगात ताकद लागते, ती माझ्यात उरली नाही. म्हणून लिहायला बसलो.

आमचा भाग मुंबई राज्याला जोडला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. जिल्हा तेव्हा भंडारा. आमचं गाव अर्जुनीहून केशोरीकडे जाणाऱ्या वाटेवर, मोठ्या तलावाच्या काठी. घरी धानाच्या पुष्कळ बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, होत्या आणि मी एकुलता एक, म्हणजे माजायला जे जे लागतं ते सगळं होतं. मॅट्रिकला दोनदा आपटलो तेव्हा गोंदियाच्या मामाने मला हाताशी घेतलं. मामा तेंदूपत्त्याचे ठेकेदार. जंगलात पानं गोळा होतात त्या फडांवर चक्कर मारायला त्यांनी एक स्कूटर घेतली होती, इटलीच्या बनावटीची, फिकट हिरवी. मामांचं पोट मोठं आणि धीर लहान. चार दिवसांत त्यांनी ती माझ्या हवाली केली. मी ती घेऊन गावात शिरलो त्या दिवशी म्हाताऱ्या बायाही ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. लहान चाकांची फटफटी आमच्याकडे कोणी पाहिलीच नव्हती. मी त्या दिवसापासून जमिनीवर चाललो नाही, असं आई म्हणायची.

शेजारच्या घरी माझा दोस्त राहायचा. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तेवढा हक्कही मी ठेवलेला नाही. आम्ही एका वयाचे, एका शाळेत शिकलो, एकाच तलावात पोहायला शिकलो. फरक एवढाच की त्याचे वडील आमच्याच बांध्या बटईने, पिकाच्या वाट्यावर, करायचे. तो काडीसारखा बारीक, पण शंकरपटातला, म्हणजे बैलांच्या शर्यतीतला, जोडी हाकणारा आसपासच्या पाच गावांतला सगळ्यात पट्टीचा धुरकरी. पटाचे बैल सुटले की छकड्यावर उभ्या-बसल्या माणसाचं काय होतं, ते ज्याने पाहिलं त्यालाच कळेल. हा मात्र त्या छकड्यावर झुल्यावर बसल्यासारखा बसायचा. आणि तो डोक्यानेही हुशार होता. मी आपटलो त्या परीक्षेत तो पास झाला होता. रेल्वेत इंजिनावर कोळसा टाकायच्या कामासाठी त्याची निवड झाली होती. नागपूरला जाऊन त्याचं बाकी सगळं आटपलं होतं, उरली होती फक्त डॉक्टरी तपासणी. तेवढी झाली की त्याच्या घरातला पहिला माणूस दुसऱ्याच्या बांधीतून बाहेर पडणार होता. त्याची आई येता-जाता सगळ्यांना ते सांगायची.

पौष-माघात धान उचलून झाला की आमच्याकडे पट भरतो. त्या वर्षी गोंदियाच्या एका राइस मिलवाल्या शेठने पटाच्या पंचांना गळ घातली की दोन दिवस बैल पळवा, तिसऱ्या दिवशी आमच्या स्कूटरी पळवू. शेठ अंगाने भला मोठा, बोलायला हसरा, आणि स्कूटरचं त्याला वेड. त्याने गोंदिया, आमगाव, तिरोडा असं फिरून हौशी लोक गोळा केले. सगळ्या मिळून सहा गाड्या झाल्या. एक कापडवाला, एक कंपाउंडर, एक वकील, दोन ठेकेदारांची पोरं आणि शेठ. मामाचा भाचा म्हणून मी ठेकेदारांच्या पोरांत मोडत होतो.

पंचांना स्कूटर कळत नव्हती, पट कळत होता. मुख्य पंच पांढऱ्या मिशांचे, पटाच्या नियमाला काटेकोर. ते म्हणाले, "पटात जोडी धावते. एकटा बैल घेऊन कोनी येते का?"

"स्कूटरला बैल कुठे असतात काका?" वकील म्हणाला.

"मंग मानूस तरी दोन बसवा. जोडी पाह्यजे."

झालं, ठरलं. प्रत्येक गाडीवर दोन माणसं. मग कंपाउंडरने हसत हसत विचारलं, मागचा पडला तर काय? आमच्या पटाचा जुना नियम असा की धुरकरी वाटेत पडला तरी जोडी निशाणापार गेली की गेली. जिंकणं बैलांचं असतं, धुरकऱ्याचं नाही. पंचांनी तोच नियम लावला. "गाडी पोचली ना? मंग झालं. मागचा मागाहून येईन." सगळे खदखदून हसले. मीही हसलो. पण ते वाक्य मी ध्यानात ठेवून घेतलं, हे आज कबूल करतो.

मागे बसायला मला दोस्तच हवा होता. हलका, आणि तोल सांभाळणारा. आमच्या गाडीचं इंजिन उजव्या अंगाला, त्यामुळे गाडी उजवीकडे जड. डाव्या वळणावर मागच्या माणसाने डावीकडे अंग झोकलं तर गाडी न घसरता वळते, हे आम्ही दोघांनी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, करून पाहिलं होतं. त्याला ते एका दुपारी जमलं. पण शर्यतीचं नाव काढल्यावर तो मागे सरला.

"माही डॉक्टरी हाय ना गा पंधरा दिवसांनं. काई झालं तं?"

"काय होते? पाच चक्कर तं हायेत," मी म्हणालो.

"दुसरा कोनी घे ना."

मला नाही ऐकायची सवय नव्हती. मी म्हणालो, "आमच्या बांधीतलं काम असतं, तं नाई म्हनला असतास का?"

हे बोलताना मी हसत होतो, म्हणजे मस्करी करतोय असं मी स्वतःला पटवलं होतं. तो हसला नाही. पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला, "येतो."

शर्यतीचा मार्ग असा होता: तलावाच्या पाळीवरून सरळ, पाळ संपली की डावीकडे खाली उतरायचं, कापणी झालेल्या कोरड्या बांध्यांतून जायचं, मोहाच्या दोन झाडांना वळसा घालून पुन्हा पाळीवर चढायचं. बांध्यांचे धुरे, म्हणजे मधले मातीचे बांध, गाडीपुरते फोडून वाट केली होती. फोडलेल्या धुऱ्याच्या दोन्ही कडा उन्हाने दगडासारख्या झाल्या होत्या. त्यातून पाच फेऱ्या. अख्खा पट माणसांनी भरलेला, पाळीवर, झाडांवर, बैलगाड्यांवर. केशोरीकडचे लोक भाकरी बांधून आले होते. आता शर्यतीची मोठमोठी वर्णनं लोक करतात, पण खरं सांगायचं तर सहा स्कूटरी धान कापलेल्या शेतातून दोन-दोन माणसं घेऊन धावतात तेव्हा वेग फारसा नसतो, धुरळा आणि धूरच जास्त.

तिसऱ्या फेरीपर्यंत चार गाड्या बाद झाल्या. वकिलाला प्लगने दगा दिला, कापडवाला मोहाच्या झाडाला जाऊन भिडला, बाकीचे असेच. उरलो मी आणि शेठ. शेठ वजनदार आणि त्याच्यामागे त्याचा तेवढाच जाडा मेहुणा. तरी गडी कसा कोण जाणे, आमच्या मागे चाकाला चाक लावून होता. पाचव्या फेरीत पाळीवरून खाली उतरताना तो पुढे गेला. लोकांनी आरडाओरडा केला. मला त्या क्षणी जगात दुसरं काही दिसत नव्हतं.

मोहाच्या झाडांकडचं वळण मी घ्यायला नको तेवढ्या जोरात घेतलं. दोस्ताने नेहमीसारखं डावीकडे अंग झोकलं. गाडी वळली आणि शेठच्या पुढे निघाली, पण वळणापलीकडच्या धुऱ्यात चाक आपटलं आणि दोस्ताची बैठक सुटली. त्याने माझा सदरा धरला. तो पूर्ण पडला नव्हता. एक पाय फुटबोर्डवर, दुसरा जमिनीवर घासत, सदऱ्याला लटकलेला, असा तो होता. मला ते सगळं कळत होतं. पाठीवर ओढ बसत होती, गाडी अडखळत होती, आणि त्याचा आवाज आला, "थांब गा!" एक्सलेटर सोडला असता तर तो दोन पावलं धावून उभा राहिला असता. पटातल्या माणसाला तेवढं येतंच.

मी मूठ पिळली.

सदरा फाटल्याचा आवाज आला आणि गाडी हलकी झाली. एवढ्याशा इंजिनाला माणूसभर ओझं कमी होणं म्हणजे काय, ते चालवणाऱ्याला न कळणं शक्यच नाही. ती एकदम उचलली, तिसरा गिअर झटक्यात घेतला, चढ जणू उरलाच नाही. आणि त्या क्षणी माझ्या मनात काय आलं? काळजी नाही, भीती नाही. 'आता शेठ गाठत नाही' हे आलं. लाज वाटते लिहायला, पण आलं ते हेच. मी मागे वळून पाहिलं नाही. पाळीवर चढलो, निशाण ओलांडलं, लोकांनी मला गाडीसकट उचलायचं तेवढं बाकी ठेवलं. गळ्यात झेंडूचा हार पडला, हातात पितळेची घागर आली.

शेठ काही येईना. मग दिसला. त्याने गाडी धुऱ्याशीच थांबवली होती आणि तो नि त्याचा मेहुणा माझ्या दोस्ताला दोन्ही बाजूंनी धरून आणत होते. दोस्ताचा डावा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला होता. जिंकायला निघालेला माणूस परक्यासाठी थांबला होता. मी हार घालून उभा होतो.

शेठने धाप टाकत विचारलं, "अरे भाई, तेरा आदमी गिर गया, तुझे पता नहीं चला?"

"नहीं चला, सेठजी."

शेठ स्वतः स्कूटर चालवणारा. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या गाडीकडे पाहिलं आणि मान फिरवली. त्या माणसाला मी नंतर गोंदियात कितीदा तरी लांबून पाहिलं आणि गल्ली बदलली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही.

घरी आईने सदरा हातात घेतला. पाठीवर वरपासून खालपर्यंत फाटलेला. ती म्हणाली, "हा कोनं ओढला?"

"झाडाच्या फांदीत अटकला."

आईने फाटकी जागा बोटांनी चाचपली. कापड खालच्या बाजूला ताणून पार सैल झालं होतं. ती शिवायला बसली, आणि शिवलेला सदरा तिने मला परत कधी दिला नाही. कुणाला तरी देऊन टाकला असेल.

दोस्ताचं हाड जुन्या पद्धतीने बसवलं गेलं, बांबूच्या कामट्या बांधून. जुळलं, पण वाकडं. चौथ्या दिवशी पंच आणि गावची दहा-बारा माणसं त्याला बघायला गेली, तेव्हा मीही गेलो. न जाऊन चाललं नसतं. इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे पटात पडलेल्या धुरकऱ्याला माफी नसते. बैल कसेही पळोत, तू पडलास म्हणजे तुझ्यात कमी, असा हिशेब. पोरं चिडवतात, बाया हसतात, म्हातारपणापर्यंत ते माणसाला चिकटून राहतं. पंचांनी खाटेशी बसून तेच काढलं, "एवढा धुरकरी तू, अन् पडला कसा गा?"

दोस्त म्हणाला, "पडलो नाई जी. मीनंच हात सोडला. गाडी हलकी व्हावी मून."

आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं. मी आधी जमिनीकडे पाहिलं, आणि मग मान हलवली. हो, म्हणून.

"वाह रे वाघा!" पंच म्हणाले. कोणी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याची आई मात्र चुलीकडे तोंड करून बसली होती, ती वळली नाही. डॉक्टरीचा दिवस त्यानंतर थोड्याच दिवसांनी आला आणि गेला. नागपूरला जायला आमच्या गावातून कोणी निघालं नाही. मी त्या दिवशी गाडी घेऊन फडावर निघून गेलो, काम नसताना.

मला वाटलं, त्याने आपली अब्रू वाचवली आणि जाता जाता माझीही वाचली. दोघांचं खोटं एकमेकांत असं बसलं की फटच राहिली नाही. मी मूग गिळून बसलो. मूग गिळणं सोपं असतं. कठीण असतं ते लोक वाहवा करतात तेव्हा तोंड कसं करायचं ते. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत नाचगाण्याचे खेळ करणाऱ्या दंडारवाल्यांनी त्याच्यावर सोंगच आणलं. दोन गडी एका बाजेच्या पाट्यावर घोडा करून बसले, तोंडाने फटफट आवाज काढला, आणि मागचा म्हणाला, "मी सोडतो हात, तू जाय पुढं!" भर दुपारी मंडईभर टाळ्या. दोस्त पुढे बसला होता, काठी मांडीवर आडवी घेऊन. तो हसत होता. लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते की असा दोस्त नशिबाने मिळतो. मी तिथून उठून पानाच्या दुकानामागे गेलो आणि ओकलो. त्या आधी आणि त्यानंतर मी कधी असा ओकलो नाही. पण ओकलो तेही एकट्याने, कोणी बघणार नाही अशा जागी. बोललो काहीच नाही.

गावाने त्याला तलावाचं पाणी सोडायचं काम दिलं. पाळीवरून दिवसातून दोनदा जायचं, कोणाच्या बांधीला किती पाणी ते पाहायचं. लंगडत जायचा. आमच्या बांध्यांना कधी एक चूळही कमी पडली नाही.

दोन वर्षांनी सालेकशाकडून एक माणूस आला. दोस्तासाठी पोरीचं ठरवायचं होतं. सरळ, शेतात राबणारा माणूस, डोक्याला पटका. घरी बोलणं झाल्यावर तो दोस्ताला घेऊन पाळीवर फिरायला आला आणि मी तिथे स्कूटर पुसत होतो, तिथे थांबला. दोस्त दोन पावलं मागे उभा राहिला.

"तुमी मालकाचे पोरगे," तो मला म्हणाला, "तुमाले सारं मालूम असन. पोरगी द्याची हाय मून इचारतो, राग नोका मानू. याचा पाय जन्माचा असा का? का रोगाचा?"

एवढंच त्याला हवं होतं. पाय शर्यतीत मोडला, धट्टाकट्टा माणूस आहे, एवढ्या एका वाक्यात त्याचं समाधान झालं असतं. पुढचं बोलायची गरज नव्हती. आणि बोलायचंच होतं तर खरं बोलायला त्याहून चांगली वेळ मला आयुष्यात मिळाली नाही. ऐकणारे दोघंच होते, आणि त्यातल्या एकाला ते ऐकायचा हक्क होता.

मी हात पुढे करून वळण दाखवलं. शेठ कसा पुढे गेला ते सांगितलं. दोस्त कसा माझ्या कानाशी म्हणाला, 'मी सोडतो, तू जाय', आणि कसा त्याने हसत हात सोडला, तेही सांगितलं. हसत, हे मी त्या दिवशी नव्यानेच घातलं. दंडारवाल्यांनाही ते सुचलं नव्हतं. त्या माणसाचे डोळे भरून आले. "असा जावाई कोठं भेटते," म्हणाला आणि दोस्ताच्या पाठीवरून हात फिरवून एसटी गाठायला निघाला.

आम्ही दोघं पाळीवर राहिलो. मला वाटलं, तो आता खूश असेल. खरंच वाटलं. माणूस किती निर्लज्ज होऊ शकतो, त्याला काही अंत नाही.

तो म्हणाला, "तू तं मायापेक्षाबी बेस सांगतोस गा."

मी हसलो.

"मी लटकून होतो तवा तुया हातच पाहून राह्यलो होतो," तो म्हणाला. "मूठ तू कोनीकडं पिळली, ते मले दिसलं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. बांधीला पाणी किती सुटलं ते सांगावं तसा बोलत होता.

"खाटेवर होतो तवा पंचाईले मी तसा बोललो, अन् तुयाकडं पाह्यलो. मले वाटलं, तू मनशीन, नाई जी, मीच थांबलो नाई. तू तेवढं मनला असतास, तं मी मनलो असतो, जाऊ दे, झालं ते झालं." त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. "दोन वरसं वाट पाह्यली. आज तो मानूस इचारून राह्यला, तवाबी पाह्यली."

मला काय काय बोलता आलं असतं! आजही मी ते मनात बोलतो. पाय धरता आले असते. नुसतं 'हो' म्हणता आलं असतं. मी काय बोललो? मी म्हणालो, "चल, घरी सोडून देतो. बस मांगं."

त्याने गाडीच्या मागच्या सीटकडे पाहिलं. मग काठी टेकून वळला.

"नाई. मी पायी जातो."

पाळीवरून गावाला रस्ता एकच. तो लंगडत लंगडत मोहांच्या पलीकडे दिसेनासा होईपर्यंत मी तिथेच गाडीचं हँडल धरून उभा राहिलो. तो वाटेत असताना त्याच्या बाजूने गाडी पुढे काढायची पुन्हा माझी छाती झाली नाही.